जीएसटी नंबर टिकवण्याचे रामबाण उपाय

छोटा धंदा आहे? जीएसटी नंबर आहे? मग तो टिकवायचा कसा, ते ऐकून ठेवा. आमचा नुकताच गेलाय, त्यामुळे सल्ला ताजा आहे.

गाळ्याला आठवडी सुट्टी देऊ नका. जीएसटी खात्याची तपासणी नेमकी त्याच दिवशी येते. कुलूप बघायचं, 'या पत्त्यावर धंदाच नाही' असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. शेजारच्या गाळेवाल्याला विचारायला बहुधा बंदी असावी.

रोज सकाळी जीएसटीचं पोर्टल उघडा. देवपूजा नंतर.

नोटीस आलीच, तर तिच्यात कारण शोधू नका. आमच्या नोटिशीत एकच ओळ: फसवणूक, खोटी माहिती किंवा वस्तुस्थिती दडवून नोंदणी मिळवली. यातलं नेमकं काय, ते आपण ओळखायचं! उत्तराला कामाचे सात दिवस. भाडेकरार, वीजबिल, बोर्डासकट गाळ्याचे फोटो, सगळं चढवा. कोणी उघडून बघेल ही आशा मात्र सोडा. आमच्या आदेशाची सुरुवात 'आपल्या उत्तराच्या संदर्भात', आणि लगेच खाली 'आपण उत्तर दिलेले नाही'. थकबाकीच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. आणि नोंदणी रद्द कधीपासून? 1 जुलै 2017. म्हणजे जीएसटी जन्मला त्याच दिवशी आम्ही मेलो. मग इतकी वर्षं रिटर्न कोण भरत होतं, आमचं भूत? भुताचा कर बरा चालला! आता आमच्याकडून माल घेणाऱ्यांच्या क्रेडिटवर, म्हणजे आम्हाला दिलेला कर आपल्या करातून वजा करण्यावर, गदा. जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारतात, 'तुम्ही बोगस का हो?' ई-वे बिल, म्हणजे माल वाहून न्यायचा ऑनलाइन कागद, निघत नाही; भरलेला टेम्पो दारात उभा.

नोंदणी परत मिळवायला अर्ज करता येतो. मुदत पूर्वी 30 दिवस होती, ऑक्टोबर 2023 पासून 90. तोवर कामगारांना पगाराऐवजी अर्जाचा नंबर वाटा.

पुरे झालं. साहेब, जीएसटी कायद्याचं कलम 29 पूर्ण वाचा हो. मागच्या तारखेपासून रद्द करता येतं, एवढंच तुम्हाला पाठ. म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय रद्द करायचं नाही, हेही त्याच कलमात आहे. कारण न देता काढलेले आदेश गुजरात उच्च न्यायालयाने 2022 मध्ये उडवले. मागची तारीख यंत्रवत लावू नका, हे दिल्ली उच्च न्यायालयाने किती वेळा सांगायचं? बोगस बिलं फाडणाऱ्या टोळ्या पकडायच्यात ना? पकडा. त्या तुमच्या नोटिशीला उत्तर देत बसत नाहीत, पसार होतात. उत्तर देणारा गाळ्यातच सापडतो, म्हणून त्याच्यावर हात टाकता. दोन ओळी कारण लिहा. ते जमत नसेल तर आदेशावर सही करू नका.