वजा बोका

आमच्या गुंड्याच्या दवाखान्यातून दर महिन्याला एक पानी पत्रक येतं. वर बातम्या, खाली सल्ले. बातम्या चिमुकल्या असतात, पण दवाखान्याला त्यांचं कौतुक फार. मांजरांसाठी दुपारची वेगळी वेळ ठेवली आहे, म्हणजे त्यांना कुत्र्यांसमोर ताटकळत बसावं लागणार नाही. नवीन वजनकाटा आला आहे, नुसतं वजन करायलाही जरूर या. सप्टेंबरच्या अंकात २८ तारखेच्या जागतिक रेबीज दिनाची आठवण असते. १८९५ साली त्याच तारखेला लुई पाश्चर गेले, हेही असतं. आणि त्याखाली 'लस राहिलेल्यांनी ताबडतोब यावे' हे इतक्या दरडावून लिहिलेलं असतं की वाचताना आपलाच दंड आपण चाचपून बघतो.

सल्ले मात्र साखरेत घोळलेले. वाचून वाटावं, मसुदा आधी मांजरांना दाखवून त्यांची सही घेतलीये. 'पिंजरा आठवडाभर आधीपासून उघडा ठेवा. आत त्याचं आवडतं पांघरूण घाला. तो आपणहून जाऊन बसेल.' बसला ना! सहा दिवस त्यातच लोळत होता. सातव्या दिवशी, नंबर लावलेला त्या दिवशी, साहेब कपाटाच्या मागे. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये माझा हात कोपरापर्यंत जातो आणि गुंड्या बरोब्बर कोपराच्या पुढे चार बोटं बसतो. हे अंतर त्याने कधी मोजलं कोण जाणे.

दवाखान्यात माणसाला नाव नसतं. "गुंड्याचे बाबा कोण?" अशी हाक आली आणि मी, डोक्यावर जेमतेम पुरतील एवढेच केस उरलेला गृहस्थ, "मी, मी" करत उठलो.

डॉक्टर तरुण होत्या आणि शांत होत्या. गुंड्याला टेबलावर घेऊन त्यांनी दोन्ही तळवे त्याच्या बरगड्यांवरून फिरवले. मग म्हणाल्या, "मूठ वळा बघू." मी वळली. "आता दुसऱ्या हाताचं बोट या सांध्यांच्या हाडांवरून फिरवा. बरगड्या अशा टोचल्या तर मांजर वाळलंय. आता मूठ सोडून हात सरळ धरा, हाताच्या पाठीवरून बोट फिरवा. हाडं हलकेच लागतात ना? हे योग्य. आता तळहात. हाडं दाबून शोधावी लागतात की नाही?"

"हो."

"हा आपला गुंड्या."

ही परीक्षा माणसांसाठी नाही, हे त्यांनी सांगायला हवं होतं. मी त्याच रात्री ती शर्टाच्या आत हात घालून स्वतःवर केली. मी तळहातही नव्हतो. मी उशी होतो.

काट्यावर गुंड्या ६.८ किलो भरला. त्याच्या चणीला पाच, फार तर सव्वापाच पुरेत, असं डॉक्टर म्हणाल्या. नसबंदीनंतर बोक्याची भूक वाढते आणि शरीराची गरज मात्र घटते, हिशेब तिथे फिसकटतो. मग मधुमेह, सांधेदुखी, आणि जाड मांजराला स्वतःची पाठही नीट चाटता येत नाही. (पाठीवरचा कोंडा मी थंडीच्या नावावर मांडला होता.) रक्त काढलं तर साखर चढलेली. माझ्या पोटात गोळा. डॉक्टरांना काहीच नाही. मांजराची साखर नुसत्या घाबरण्यानेही चढते म्हणे, म्हणून मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी वेगळी तपासणी करतात. ती सुदैवाने चांगली आली. आयुष्यात ज्याला कुणाला कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं, तो आमचा गुंड्या आतून एवढा घाबरलेला होता हे कळल्यावर मला कपाटामागच्या त्या चार बोटांचं वाईट वाटलं.

"पण उपाशी ठेवायचं नाही हं," त्या म्हणाल्या. जाड मांजर दोन-तीन दिवस खाल्ल्याशिवाय राहिलं, तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि जिवावर बेतू शकतं. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, एवढंच कमी व्हायला हवं. म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम. आणि रोजचं खाणं वाटीने नाही, ग्रॅममध्ये मोजायचं. सकाळी दिवसभराचा वाटा एका डब्यात काढून ठेवायचा. घरातल्या कुणीही, कधीही, कितीही लाडाने द्यायचं ते त्याच डब्यातून.

कागदावर ही व्यवस्था निर्दोष आहे. आमच्याकडे पहिल्याच दिवशी डबा साडेदहाला रिकामा झाला. प्रत्येकाने 'फक्त चार दाणे' दिले होते. आई म्हणाली, "डबा संपला म्हणून मुक्या जिवाने रात्रीपर्यंत तोंड बांधून बसायचं? कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" मी म्हटलं, पत्रकात. आईने पत्रक मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं, आणि नेमकी 'उपाशी ठेवणे धोक्याचे' या ओळीवर बोट ठेवून मला परत दिलं.

शेवटी डब्याचा ताबा बायकोने घेतला आणि वजनाचा माझ्याकडे आला.

घरी वजन करण्याची रीतही पत्रकातच होती. आधी मांजराला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी. मुलीने तक्ता करून फ्रिजवर लावला. तीन रकाने: 'बाबा + गुंड्या', 'बाबा', 'गुंड्या'. शेवटचा रकाना हवा हे मला मान्य होतं. मधला का हवा, हे विचारल्यावर ती म्हणाली, "बाबा, वजाबाकी दाखवावी लागते. नाहीतर मार्क कापतात."

आता याची गंमत अशी, की पहिल्या रकान्यातल्या आकड्याची लाज वाटत नाही. हातात बोका आहे, सगळा दोष त्याच्यावर ढकलता येतो. दुसऱ्या रकान्यात माणूस एकटा असतो. आणि तो फ्रिजवर असतो. दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळे तो वाचतात.

पहिल्या रविवारी मी सरळ उभा राहिलो. गुंड्या ६.८. दुसऱ्या रविवारी ६.७. घरात आनंद. त्या आठवड्यात माझा आकडा किंचित वर गेला होता, म्हणून तिसऱ्या रविवारी एकट्याची पाळी आली तेव्हा मी खिशातला मोबाइल आणि किल्ल्या बाजूला ठेवल्या. एवढं तर कुणीही करेल. गुंड्या ७ किलो. चौथ्या रविवारी स्वेटरही काढला आणि श्वास आत ओढून धरला. गुंड्या ७.३.

घरात चौकशी बसली. डबा तर बायकोच्या कुलपात, मग हे येतं कुठून? सगळ्यांच्या नजरा आईकडे वळल्या. सगळ्यात आधी माझी. "आई, खरं सांग, चार दाणे?" आई काही बोलली नाही. संध्याकाळी जपमाळ घेऊन बाल्कनीत जाऊन बसली. गुंड्या तिच्या मागोमाग गेला, तोही पुरावाच धरला गेला. त्या दिवसापासून आईने बोक्याला हात लावायच्या आधी दोन्ही तळवे उघडून आम्हाला दाखवायचे, असा नियम झाला. ती दाखवायचीही. काही न बोलता.

सहाव्या आठवड्यात मी तक्ता घेऊन दवाखान्यात गेलो. चेहरा शक्य तितका पाडून सांगितलं, "डॉक्टर, वाढतोय हो. घरात म्हातारं माणूस आहे, ऐकत नाही."

डॉक्टरांनी गुंड्याला नव्या काट्यावर ठेवलं. ६.५.

त्यांनी काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं. ६.५. मग तक्ता हातात घेतला. तिसरा रकाना सोडून त्यांची नजर पहिल्यावर गेली, तिथून मधल्यावर आली आणि मधल्यावर बराच वेळ थांबली.

"एकट्याचं वजन करताना काही वेगळं करता का?"

"नाही. म्हणजे... किल्ल्या."

"फक्त किल्ल्या?"

मी स्वेटरचं सांगितलं. मोबाइलचं सांगितलं. श्वासाचं आपलं आपल्यापाशी ठेवणार होतो, पण त्या इतक्या शांतपणे वाट बघत होत्या की तेही सांगून टाकलं. गुंड्या टेबलावर बसून पाठ चाटत होता. पार शेपटीच्या बुडापर्यंत पोचत होता.

घरी येऊन मी ६.५ एवढंच सांगितलं. दवाखान्याचा काटा नवा आहे, जास्त अचूक आहे, असंही म्हणालो. ते खोटं नव्हतं.

पुढच्या महिन्याचं पत्रक आलं. वर बातमी: पायऱ्यांना नवा कठडा बसवला आहे. खाली सल्ला: 'घरी वजन करताना पालकांनी दोन्ही वेळा तेच कपडे घालावेत. खिशातल्या वस्तू दोन्ही वेळा ठेवाव्यात किंवा दोन्ही वेळा काढाव्यात; अन्यथा त्यांचे वजन मांजराच्या नावावर चढते. श्वास रोखल्याने वजन कमी होत नाही.'

नाव कुणाचं छापलं नव्हतं. आईने चष्मा लावला, दोनदा वाचलं, आणि फ्रिजवरचा चुंबक काढायला स्वतः उठली.