नर्सबाईंना शांतिदूत करू नका

युद्धात राबणारे डॉक्टर-नर्स हेच खरे शांतिदूत, असं तुम्ही छापलेल्या लेखाच्या लेखकाचं म्हणणं. भावना पोचली, पण पटलं अर्धंच.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्व्हादोरचं उदाहरण घ्या, तिथे यादवी चालू होती. १९८५ मध्ये मुलांना लस टोचता यावी म्हणून लष्कर आणि बंडखोर दोघांनीही तीन वेगवेगळ्या दिवशी लढाई थांबवली. युनिसेफने रेटा लावला, चर्चने मध्यस्थी केली. पुढेही दरवर्षी असं होत राहिलं. पण यादवी मिटायला १९९२ उजाडलं!

आता उलटी बाजू. लादेनचा माग काढायला अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने २०११ मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादला हिपॅटायटिस बीच्या लसीकरणाचं सोंग केलं. लोकांच्या मनात लसीकरणाबद्दल आधीच असलेला संशय त्याने पक्का झाला. २०१२ च्या डिसेंबरात पाकिस्तानात पोलिओचे डोस पाजणाऱ्या बायकांना गोळ्या घातल्या गेल्या. हेरगिरी करणारे नामानिराळे, मेल्या त्या गरीब कार्यकर्त्या. म्हणून म्हणतो, डॉक्टर-नर्स आणि अशा कार्यकर्त्यांवर उपचारापलीकडचं कुठलंच काम लादू नये, शांततेचंसुद्धा.

मी मिरजेचा. २००९ च्या दंगलीत इथल्या एका दवाखान्यात दोन्हीकडची डोकी फुटलेली माणसं शेजारशेजारच्या खाटांवर होती. नातेवाइकांची बाचाबाची सुरू झाली तशा सिस्टर खेकसल्या, "भांडायचं असंल तर खाली जावा, सलाइनला धक्का लावू नका." सगळे चिडीचूप. बाहेर संचारबंदी होती ती होतीच म्हणा.

बाकी, अशा सिस्टरांचे पगार वेळेवर होतात का, यावरही एक लेख येऊ द्या.