पिवळा, मोतिया, राखाडी

सोसायटीच्या इमारतीला बाहेरून कोणता रंग द्यायचा, एवढाच विषय होता. पेंटरने जिन्याशेजारच्या भिंतीवर तीन पट्टे मारून ठेवले होते: पिवळा, मोतिया, राखाडी. बिऱ्हाडं २१, विंग तीन, प्रत्येकीत सात बिऱ्हाडं आणि एका विंगची आवड एकच. मी सेक्रेटरी.

"दोन-दोन रंग घेऊ, पटकन होईल," असं मीच सुचवलं. पिवळा की मोतिया? १४ विरुद्ध ७, पिवळा. मोतिया की राखाडी? १४ विरुद्ध ७, मोतिया. झालं, पिवळा! मी मिनिट्स लिहायला घेतले, तर तळमजल्यावरचे नाना म्हणाले, "राखाडी-पिवळा राहिलंय." म्हटलं, होऊन जाऊ दे. १४ विरुद्ध ७, राखाडी! मी हात पुन्हा मोजले. कुणी दोन्ही हात वर केलेत का, तेही पाहिलं.

घरी भाची आली होती, कॉम्प्युटर सायन्सवाली. "मामा, यात लबाडी कुणाचीच नाही. काँदोर्से नावाच्या फ्रेंच माणसाने १७८५ मध्येच लिहून ठेवलंय हे. एकेकाची आवड सरळ असते, सगळ्यांची मिळून गोल फिरते. मग जोड्या कुठल्या क्रमाने लावायच्या हे ज्याच्या हातात, त्याचा रंग."

म्हणजे माझ्या! आयुष्यात पहिल्यांदा सेक्रेटरी असल्याचं बरं वाटलं. पण नाना होतेच.

पुढच्या मीटिंगला ती लॅपटॉप घेऊन आली. बोर्दा नावाच्या आणखी एका फ्रेंच माणसाची पद्धत: पहिल्या पसंतीला २ गुण, दुसरीला १, तिसरीला शून्य. चिठ्ठ्या भरल्या. २१, २१, २१. "पुन्हा घ्या," नाना म्हणाले. यावेळी प्रत्येक विंगने आपल्या दुसऱ्या पसंतीला मुद्दाम तळाला ढकललं. सगळ्यांनी चलाखी केली आणि निकाल लागला २१, २१, २१. 'माझी पद्धत फक्त प्रामाणिक माणसांसाठी आहे,' असं बोर्दा म्हणाल्याचं सांगतात. त्याच्याही सोसायटीत कुणी नाना असावेत.

शेवटचा उपाय चार्ल्स डॉजसनचा, म्हणजे 'ॲलिस इन वंडरलँड'वाल्या लुईस कॅरोलचा. ज्या रंगाला बाकीच्या दोघांशी जोडीजोडीने जिंकवायला लोकांच्या पसंतीक्रमात शेजारशेजारच्या रंगांची कमीत कमी अदलाबदल लागेल, तो विजयी. थोडक्यात, कुठल्या रंगासाठी सगळ्यात कमी घरांत चहा प्यावा लागेल. उमेदवार वाढले की हा हिशेब झटपट करायची युक्ती संगणकालाही बहुधा सापडणार नाही, असं १९८९ मध्ये दाखवून दिलंय म्हणे. आमचे रंग तीनच. लॅपटॉपने क्षणात उत्तर दिलं: पिवळा ४, मोतिया ४, राखाडी ४.

भाची लॅपटॉप मिटून हॉस्टेलला गेली. पेंटरने दुसरं काम धरलं. मग जून उजाडला. आता तिन्ही पट्ट्यांवर शेवाळ धरलंय आणि हिरवा तर कुणाच्याच चिठ्ठीत नव्हता.