पुन्हा तेच सुळे, पुन्हा तीच झाडं

जेवायला चार माणसं बसली आणि एकाने मांस नको म्हटलं, की झालं सुरू. कुणीतरी लगेच तोंड उघडून सुळे दाखवणार, "निसर्गाने हे कशाला दिलेत मग?" अहो, गोरिलाचे सुळे आपल्यापेक्षा कितीतरी मोठे असतात आणि तो पाला, देठ, फळं खाऊन जगतो! मग दुसरा, "झाडांनाही जीव असतो." असतो ना. पण त्यांना मेंदू नाही, मज्जासंस्था नाही. शिवाय मांसासाठी पोसलेलं जनावर जन्मभर चारा आणि धान्यच खातं, म्हणजे त्या ताटासाठी झाडं जास्तच कापली जातात. हे किती वेळा सांगायचं?

शाकाहाराचा झेंडा घेतलेलेही डोकं उठवतात. मांस खाणारा म्हणे क्रूर, तापट! स्वभाव काय ताटावरून ठरतो? आणि दूधधंद्यात नर वासरांचं पुढे काय होतं, हे विचारलं की विषय बदलतात. बी-१२ या जीवनसत्त्वाचं नाव काढलं तरी यांना राग. ते जीवाणू बनवतात, वनस्पती नाही. प्राणिज काहीच खायचं नसेल तर गोळी घ्यावी, त्यात कसला कमीपणा?

सगळ्यात चीड येते ती "एक घास खाऊन तर बघ" या आग्रहाची आणि शेजारच्या ताटाकडे बघून नाक मुरडण्याची. वाद घालायचाच तर प्राणी पाळतात कसे, मारतात कसे यावर घाला की! पंखसुद्धा पसरता येत नाहीत अशा पिंजऱ्यात कोंबड्या कोंबतात, त्यावर मात्र दोन्हीकडचं कुणी अवाक्षर काढत नाही.