किट राहू द्या, परात काढा

अडीच-तीन वर्षांच्या मुलांसाठी महागडी ‘सेन्सरी किट’ (स्पर्श, रंग, आवाज अनुभवायच्या खेळांचं खोक्यातलं तयार सामान) मागवायची लाट बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांतही आली आहे. माझं मत स्पष्ट आहे: या वयात मुलाच्या हातांना जे हवं असतं ते सगळं स्वयंपाकघरात आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं. तरीही घरचे खेळ फसतात, कारण आपण एकदम फार सामान मांडतो, प्रमाण अंदाजपंचे घेतो आणि मूल हात घालतं न घालतं तोच शिकवायला बसतो.

सुरुवात परातीपासून करा. कणीक मळायची मोठी, उभ्या काठाची परात जमिनीवर, जुनी चादर पूर्ण पसरून तिच्यावर ठेवा. तीत तांदूळ फक्त दोन वाट्या. व्हिडिओत टबभर तांदळात बसलेली मुलं दिसतात. घरी तसं केलं की थोड्या वेळात तांदूळ सोफ्याखाली जातो, आई वैतागते आणि दुसऱ्या दिवसापासून खेळ बंद. दोन वाट्यांनी परातीचा तळ जेमतेम झाकतो. बोटाने रेघ ओढली की खालचं स्टील चमकतं, आणि मुलाला नेमकं तेच पुन्हा पुन्हा करायचं असतं. सोबत एक वाटी आणि एक डाव, बास. चाळण पुढच्या आठवड्यात द्या, तांदळात थोडा रवा मिसळून. रवा खाली पडतो, तांदूळ वर राहतो, हे त्याचं त्याला दिसू द्या.

तांदूळ रंगवायचा असेल तर एक वाटीला एक छोटा चमचा व्हिनेगर आणि खायच्या रंगाचे चार-पाच थेंब. झाकणाच्या डब्यात घालून खळखळ हलवायचा आणि वर्तमानपत्रावर पातळ पसरून वाळवायचा. रंग नीट लागत नाही म्हणून वर पाणी शिंपडू नका. दाणा ओलावा धरतो, ठिसूळ होतो आणि पावसाळ्यात चार दिवसांत वास मारतो.

आता माझा सगळ्यात लाडका खेळ. दोन वाट्या कॉर्नफ्लोअर, साधारण एक वाटी पाणी. मूठ आवळली की गोळा घट्ट होतो, मूठ उघडली की बोटांतून ओघळतो. स्टार्चचे बारीक कण पाण्यात सुटे असतात तोवर ते वाहतं. झटक्याने दाबलं की कण एकमेकांत अडकतात आणि घट्ट होतं. बडोद्यात इथे एक घोटाळा हमखास होतो. दुकानात ‘मकाईनो लोट’ मागितला की रोटल्याचं पिवळं पीठ मिळतं. ते अख्खा दाणा दळून केलेलं असतं, त्याचा नुसता चिखल होतो. पांढरंशुभ्र, बोटांत चोळलं की करकरणारं कॉर्नफ्लोअरच हवं. पाणी एकदम ओतू नका. पाऊण वाटी घालून झाली की पुढचं चमच्या-चमच्याने. चमचा हळू फिरवला तर फिरतो आणि झटक्याने ओढला तर अडतो, तिथे थांबा. थोड्या वेळाने स्टार्च तळाशी बसतो आणि वर पाणी दिसतं. खेळ बिघडला असं समजून टाकून देऊ नका, तळापासून हाताने उचलून कालवा. आणि हे मोरीत कधीच ओतायचं नाही, जाळीखाली बसून पाणी तुंबतं. परात तशीच वाळू द्या, पापुद्रे सुटले की झाडून कचऱ्यात.

खेळायचा गोळा दोन तऱ्हांनी होतो. कच्चा गोळा म्हणजे गव्हाचं पीठ, मीठ, तेल आणि पाणी. तो त्या दिवसापुरता ठीक. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत तो हाताला चिकटायला लागतो. शिजवलेला गोळा मात्र डब्यात आठवडाभर सहज टिकतो. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल, दोन छोटे चमचे लिंबाचा रस. सगळं गार असतानाच गुठळ्या मोडून एकजीव करायचं, मग मंद आचेवर सतत ढवळायचं. उकडीसारखं कडा सोडून मधे गोळा जमा झालं की गॅस बंद. कोमट झाल्यावर तेलाच्या हाताने मळा. तरी चिकटलं तर ते कच्चं राहिलंय: परत आचेवर दोन मिनिटं घ्या, वरून मैदा भुरभुरू नका, त्याने गोळा कोरडा पडून भेगा जातात. मीठ भरपूर असल्याने हा गोळा पोटात जाता कामा नये. सगळं तोंडात घालायच्या वयाच्या बाळाला साधी कणीकच द्यावी, तीही समोर बसून.

गोळ्याबरोबर साचे मी देत नाही. साचा दिला की मूल दाबतं, काढतं, दाखवतं आणि उठतं. पोळपाट-लाटणं, बोथट सुरी आणि मूठभर मेथीदाणे दिले (तीन वर्षांवरच्यांना) की तेच मूल लाटतं, कापतं, टोचतं. मेथीचा दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून गोळ्यात खुपसणं ही पुढे पेन्सिल धरायची खरी तयारी आहे. या वयात अक्षरं गिरवून घेणाऱ्या पालकांनी हे मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, 1923 मध्ये मराठी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक तिथे गेल्या. पुढे 1945 पासून ताराबाईंनी महाराष्ट्रात बोर्डीच्या परिसरात आदिवासी पाड्यांवर बालशिक्षणाचं काम उभं केलं. माँटेसरी या बालशिक्षणपद्धतीचं खास साहित्य तिथे परवडणारं नव्हतं, म्हणून पानं, बिया, शिंपले, दगड असं आजूबाजूला मिळेल ते वापरलं. गुजरात आणि महाराष्ट्र दोन्हीकडचा हा वारसा आपल्या घरात आहे, आणि आपण खोक्यातला प्लास्टिकचा रंगीत चमचा विकत घेतो.

कागदकामात बडोद्याची चैन आहे. उत्तरायण झालं की घरात फाटक्या पतंगांचा ढीग पडतो. कामट्या आधी काढा, त्यांची कूस लागते. मांजाचा तुकडासुद्धा राहू देऊ नका, काचेचा असतो. मग नुसतं फाडू द्या. फाडणं ही कात्रीच्या आधीची पायरी आहे: दोन्ही हात विरुद्ध दिशांना, चिमटीत कागद. बऱ्याच पतंगांचा रंग ओला झाला की सुटतो, म्हणून जाड पांढरा कागद ओला करून त्यावर तुकडे ठेवले आणि वाळल्यावर उचलले तर खाली रंगांचे ठसे राहतात. चिकटवायला खळ घरी करा: एक मोठा चमचा मैदा अर्धी वाटी गार पाण्यात कालवून, पारदर्शक होईपर्यंत शिजवून. कीड लागू नये म्हणून जुनी माणसं तीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या खळीत अजिबात नको. उरलेली खळ फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते.

कात्री बहुतेक घरांत चुकीच्या कागदावर सुरू होते. वर्तमानपत्र लुळं पडतं आणि पात्यांत दुमडतं, मूल रडकुंडीला येतं. लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, त्याच्या दीड-दोन सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या करा. एका कापात तुकडा पडला पाहिजे, इतकीच रुंदी. पट्टी तुम्ही ताणून धरा, कापू त्याला द्या. ते जमलं की रेघ, मग वळण. प्लास्टिकच्या पात्यांची कात्री कणकेच्या सुरळ्या कापायला ठीक, कागदाला कुचकामी. टोकं गोल आणि पाती स्टीलची हवीत. कोपर वर उडत असेल तर अंगठा वरच्या कड्यात आहे का ते बघा. डावखुऱ्या मुलाला डावखुरी कात्रीच लागते, नेहमीच्या कात्रीत त्याला रेघच दिसत नाही.

रांगोळीची चिमूट सोडणं उत्तम व्यायाम आहे, पण चिरोडीची, म्हणजे दगडाच्या रांगोळीची, धूळ नाकात जाते. लहानांना तांदळाची जाडसर पिठी द्या. पाण्याच्या खेळाला दोन लोटे पुरे, एक पाव भरलेला. खेळ संपताच पाणी ओतून टाका आणि भरलेली बादली मुलाच्या वाटेत कधी ठेवू नका.

आता जे घरातच आणू नये ते. तीन वर्षांखाली शेंगदाणे, चणे, वाटाणे, मणी नकोत, श्वासनलिकेत अडकतात. खेळण्यांच्या तपासणीत 31.7 मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात, त्यात पूर्ण बसेल ती वस्तू या वयाला धोक्याची. कच्चा राजमा चावला तर उलट्या-जुलाब होतात. लाल-काळ्या गुंजा, म्हणजे इथली चणोठी, कलाकामात सर्रास वापरतात. त्यांचं विष जिवावर बेततं, शाळेतून आल्या तरी परत पाठवा. घरगुती स्लाइममध्ये टाकणखार घालायला सांगतात, तोही नको. आणि पाण्यात फुगणारे ते चकचकीत जेली मणी: कोरडे असताना मोहरीएवढे, आतड्यात गेले की फुगून वाट बंद करतात. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढायला लावू नका, लगेच दवाखान्यात न्या आणि त्यातलाच एक मणी डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्या, कारण साध्या एक्स-रेत ते सहसा दिसत नाहीत.