सर्व्हराचं गाऱ्हाणं

सर्व्हर आला, पासवर्ड आला नाही. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना माल, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून भल्या पहाटे कुडाळला उतरला. अंगावर स्टिकर: 'टेस्टेड ओके'. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "पासवर्ड त्यांच्या आयटीवाल्याला माहीत होता, साहेब. तो नोकरी सोडून गेला." मग टेस्ट काय केलंत? दिवा लागतो, एवढंच?

दिवा लागतो, आणि पंखेही लागतात. सर्व्हर सुरू होताना पंखे आधी पूर्ण वेगाने फिरतात. दुकानावरून जाणाऱ्या काकींनी भाताची गिरण टाकली का म्हणून आत डोकावून विचारलं. पुढे मेमरी तपासून होते, डिस्का सांभाळणारं रेड (RAID) कार्ड सावकाश जागं होतं, आणि एवढी वाट बघून शेवटी समोर काय, तर पासवर्डची रिकामी चौकट. पेनड्राइव्हवर डेबियन 12, म्हणजे लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम, तयार होतं, पण यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरून, मशीन सुरू करणं बंद. ते चालू करायचं तर सेटिंगमध्ये जा. सेटिंगला पासवर्ड.

तेवढ्यात अण्णा आले. शेजारचे. पेपर माझ्या दुकानात वाचतात, कारण तो मी विकत घेतो.

"चावी नाय तर कुलूप घेतलंस कित्याक?"

याला उत्तर नसतं. मग म्हणाले, "सेल काढ. माझ्या नातवान मुंबयक तसाच केल्यान." नातवाचा डेस्कटॉप असणार. जुन्या डेस्कटॉपचा पासवर्ड मदरबोर्डावरच्या त्या चपट्या सीआर 2032 सेलच्या जिवावर जगतो, सेल काढला की जातो. बऱ्याच सर्व्हरांत तो सेलशिवायही टिकणाऱ्या मेमरीत असतो. हे सांगून झालं, पण अण्णा उठेनात. शेवटी काढला. सर्व्हर तारीख विसरला, वेळ विसरला. पासवर्ड पाठ होता.

"मगे ह्यां साधा नाय," अण्णा म्हणाले आणि बाहेर गेले. सुटलो म्हणेपर्यंत नारळ घेऊन परत. नारळ माझ्याच माडाचा. मागून चहावाला, रिक्षावाले, शाळेतून सुटलेली पोरं. उदबत्ती उघड्या मदरबोर्डाशेजारी लावली, ती मी दोनदा लांब केली. डोक्यावरची टोपी सारखी करून अण्णांनी सूर लावला:

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" पोरं.

"आज ह्या लेकरान पुण्यासून जो काय जड डबो हाडल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्यात मूळ मालकाचा काय वाईट-वंगाळ रवला असात, तां बाजूक सार रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्या कोणा मेल्यान पासवर्ड घातल्यान आणि सांगल्यान नाय, तेका तेच्याच मोबाईलचो पासवर्ड आठवनासो कर रे म्हाराजा!"

या शेवटच्या ओळीला सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मनापासून.

गर्दी पांगल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूचा नकाशा वाचत बसलो. तांदळाएवढ्या अक्षरांत पासवर्डचा जंपर दाखवलेला: बोर्डावर बारीक पिना, त्यांवर प्लास्टिकची टोपी. वायर काढली, चिमट्याने टोपी शेजारच्या पिनांवर सरकवली, चालू केलं. चौकट नाही! सरळ सेटिंग. यूएसबी चालू केलं आणि डेबियन बसायला लागलं. त्याच्या इन्स्टॉलरमध्ये मराठीसुद्धा आहे, पण ते कौतुक करायला कोणी थांबलेलं नव्हतं. मध्येच लाईट गेली. खिडकीतून अण्णा: "नारळ अजून फोडूक नाय, म्हणान." नारळ फुटला, लाईट आली. आता सांगा, काय बोलणार?

संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, अण्णांनी सर्व्हर उघडला. मी जंपर समजावायला गेलो तर लोक समजुतीने मान हलवतात, तापात बरळणाऱ्यापुढे हलवावी तशी. चहावाला म्हणाला, "तां टोपीचा असांदे, पण आधी गाऱ्हाणां झालां ना?" खोबरंही अण्णांकडेच गेलं. त्याची आमटी झाली, असं कळलं. मला वाटीभर आली नाही.

आणि काल एक गिऱ्हाईक आलं. मोबाईल लॉक झालेला. मी हात पुढे केला तर मोबाईल खिशात ठेवत म्हणालं, "नको, तुमका कित्याक त्रास. अण्णा खंय असतत?" माझ्या डोक्यावर चार फूट लांब पाटी आहे, कॉम्प्युटर व मोबाईल दुरुस्ती. त्या पाटीखाली उभं राहून विचारलं त्याने.