भूत दिसण्यासाठी किमान पात्रता

भूत कुणालाही दिसतं, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. टीव्हीवरचं भूत तरी फार चोखंदळ असतं. ते शिक्षण बघतं, अनुभव बघतं, कपाटात किती जाड पुस्तकं आहेत ते बघतं, आणि मगच मानगुटीवर बसतं. बीबीसीनं १९७१ ते १९७८ या काळात दर नाताळात, रात्री उशिरा, एकेक भूतकथा दाखवली. त्यांत कोण कोण झपाटलं गेलं ते पाहा: धर्मपीठातला अधिकारी, जुनी कागदपत्रं चाळणारा विद्वान, हौशी पुरातत्त्ववाला, रेल्वेचा सिग्नलमन. खोलीची किल्ली हातात ठेवणाऱ्या म्हाताऱ्याच्या वाटेला भूत सहसा जात नाही. तो बापडा ‘तिकडे नका जाऊ, साहेब’ एवढं सांगतो आणि घरी जाऊन झोपतो. झपाटलं जायचं तर माणूस आपल्या विषयातला जाणकार हवा.

तेव्हा भूत पाहायची हौस असेल तर आजपासून हँडबुकं जमवायला लागा. विषय कोणताही चालेल. पंपाची दुरुस्ती, ग्रंथांचं वर्गीकरण, क्रेनची दोरी, हिशेबतपासणी, काहीही. पुस्तक जाड असावं, मुखपृष्ठावर ‘सुधारित आवृत्ती’ असावं आणि कणा न मोडलेला असावा. ते अर्धंच वाचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. ज्यानं काहीच वाचलेलं नाही तो घाबरून असतो, ज्यानं सगळं वाचलंय तोही घाबरून असतो. निर्भय असतो तो मधला, सहाव्या प्रकरणापर्यंत पोचलेला. भुतांना हाच लागतो.

अशा माणसाचा आदर्श नमुना हवा असेल तर बीबीसीचाच, पण या मालिकेआधीचा, १९६८ सालचा ‘व्हिसल अँड आय विल कम टू यू’ हा चित्रपट पाहा. दिग्दर्शक जोनाथन मिलर हा शिक्षणानं डॉक्टर, त्यामुळे रोग्याची तब्येत त्यानं नीट टिपली आहे. समुद्रकाठच्या हॉटेलात एक प्राध्यापक उतरतात. सकाळी न्याहारीला भुतांचा विषय निघतो आणि प्रोफेसरसाहेब तोंडातला घास न थांबवता हॅम्लेटचं प्रसिद्ध वाक्य उलटं करून फेकतात: तत्त्वज्ञानात जेवढं आहे तेवढं स्वर्गात आणि पृथ्वीवर नाही. टेबलावरच्या कर्नलला गप्प केल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नाही. त्यानंतर भूत येतं ते चक्क बिछान्यावरच्या चादरीचं, आणि प्रोफेसरांच्या तोंडून एक धड वाक्य निघत नाही. तर तुम्हीही न्याहारीलाच बोलून घ्या. रात्री जमेलच असं नाही.

या कथांपैकी बऱ्याच ज्याच्या, तो एम. आर. जेम्स स्वतः केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा प्रमुख होता आणि हस्तलिखितांच्या सूच्या करण्यात त्याची हयात गेली. नाताळात मित्रांना जमवून तो भूतकथा वाचून दाखवायचा. म्हणजे दिवसभर सूची आणि रात्री भूत. हा दोन नोकऱ्या करणारा माणूस होता असं लोकांना वाटतं. मला वाटतं नोकरी एकच होती. कोणती वस्तू कोणत्या फडताळात आहे हे ज्याला नेमकं ठाऊक, त्यालाच एखादी वस्तू जागेवर नाही हे कळतं. बाकीच्यांना भूत दिसलं तरी ते पसारा समजतात.

बढतीबद्दल मार्गदर्शन हवं असेल तर १९७१ची ‘द स्टॉल्स ऑफ बारचेस्टर’ सोडू नका. कॅथीड्रलमधला एक कर्तबगार धर्मगुरू आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या बड्या अधिकाऱ्याच्या, जागेवर डोळा ठेवून वर्षानुवर्षं बसलाय आणि जागेवरचा म्हातारा काही केल्या मरत नाही. जेम्सच्या मूळ कथेत म्हाताऱ्याचं वय ९२ आहे. मग एके दिवशी जिन्यावरचा गालिचा घट्ट धरून ठेवणारी एक सळई नाहीशी होते, म्हातारा घसरतो आणि जागा रिकामी होते. यापुढचा भाग नोकरदारांनी वहीत उतरवून घ्यावा. नवा साहेब लगेच कामाला लागतो, तुंबलेलं दप्तर उपसतो, मोडकळीला आलेलं सावरतो. त्याच्या कारभाराला नाव ठेवायला जागा नाही. फक्त चर्चमधल्या त्याच्या आसनावरचं लाकडी कोरीवकाम हाताखाली ओलं लागतं, केसाळ लागतं. तर सळई काढायचीच असेल तर काढा, पण नंतर जिना बदलून घ्या. या गृहस्थानं तेवढी कसर ठेवली आणि शेवटी तोही जिन्यातच गेला.

आता खरं हँडबुक. रेल्वेची नियमपुस्तिका.

१९७६ साली बीबीसीनं कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची ‘द सिग्नलमन’ दाखवली, डेनहोम एलियट मुख्य भूमिकेत. खोल खिंडीत, बोगद्याच्या तोंडाशी एक केबिन. आतला माणूस काटेकोर. घंटा वाजली की उत्तर देतो, वेळ झाली की दिवा लावतो, नोंद करायची ती करतो. त्याला भूत दिसतं, लाल दिव्यापाशी उभं, एक हात डोळ्यांवर आणि दुसरा जिवाच्या आकांतानं हलवत. ते दिसलं की काहीतरी भीषण घडतं. दोनदा घडलंय. आता ते तिसऱ्यांदा दिसू लागलंय.

तुम्ही म्हणाल, मग तार करून कळवत का नाही? हाच तर गोष्टीचा कणा आहे. तो ‘धोका’ अशी तार करू शकतो. पलीकडून विचारणा येईल: कसला धोका? कुठे? याच्याकडे उत्तर एकच, माहीत नाही, पण देवासाठी सांभाळा. असं उत्तर दिलं की माणसाला वेडा ठरवून कामावरून काढतात. पुस्तिकेत सगळ्या प्रकारच्या संदेशांना जागा आहे, फक्त ‘मला कारण माहीत नाही पण मला भीती वाटते’ यासाठी रकाना नाही. तुमच्या कार्यालयातल्या कोणत्याही अर्जात हा रकाना सापडला तर जपून ठेवा, दुर्मीळ वस्तू आहे. तोवर तुम्हीही धोका दिसला की आधी त्याचं ठिकाण, वेळ, स्वरूप आणि संबंधित विभाग भरून घ्या. हे सगळं भरता येईल तेव्हा धोका होऊन गेलेला असेल, त्यामुळे माहिती अचूक निघते.

डिकन्सला हे सुचलं कुठून? १८६५ सालच्या ९ जूनला तो स्वतः एका रेल्वे अपघातात होता. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात स्टेपलहर्स्टजवळ एका लहानशा पुलावर रूळ काढून दुरुस्ती चालली होती. मुकादमानं वेळापत्रक चुकीचं वाचलं, त्याच्या मते गाडी यायला अवकाश होता. नियम असा की लाल बावटा घेतलेल्या माणसानं १,००० यार्डांवर उभं राहायचं. हा माणूस तारेचे खांब मोजत गेला, खांब नेहमीपेक्षा जवळजवळ रोवलेले निघाले आणि तो उभा राहिला ५५४ यार्डांवर. दहा माणसं मेली. डिकन्स वाचला, जखमींना हॅटमधून पाणी पाजत फिरला आणि पुढल्याच वर्षी त्यानं ही गोष्ट लिहिली. अपघातानंतर पाच वर्षांनी तो वारला, तारीख ९ जून. हे एखाद्या पटकथेत घातलं तर निर्माता ‘फार होतंय’ म्हणून काटेल.

खांब मोजणाऱ्या त्या माणसाला हसू नका, त्याच्याकडून शिका. पुस्तिकेत यार्ड लिहिले होते, समोर खांब होते. त्यानं मोजणी चोख केली; चुकली ती खांबांची. आपणही कामाचा दर्जा मोजायला घेतो आणि मोजतो बैठका. बैठका अलीकडे बऱ्याच जवळजवळ रोवलेल्या असतात.

आणखी एक अपघात, स्टेपलहर्स्टच्याही चार वर्षं आधीचा. इंग्लंडमधला क्लेटनचा रेल्वे बोगदा, ऑगस्ट १८६१. बोगद्याच्या दोन टोकांना दोन सिग्नलमन, मध्ये तार. गाड्या एकामागोमाग एक सुटलेल्या. इकडचा विचारतो, बोगदा मोकळा आहे का? तिकडून उत्तर येतं, मोकळा. प्रश्न बरोबर, उत्तर खरं. फक्त विचारणाऱ्याच्या मनात दुसरी गाडी होती आणि सांगणाऱ्यानं पहिली बाहेर पडलेली पाहिली होती. दुसरी बोगद्यातच होती आणि इकडच्यानं तिसरी आत सोडली. २३ मेले, १७६ जखमी. आठवड्याची एक पूर्ण सुट्टी मिळावी म्हणून इकडचा सिग्नलमन त्या दिवशी सलग २४ तासांच्या पाळीवर होता. नियमाप्रमाणे पाळी १८ तासांची असायची. १८ तास! ही मर्यादा सुरक्षिततेसाठी होती, हे वाचून तुमच्या अंगावर काटा आला नाही तर हँडबुक वाचनात तुमची प्रगती उत्तम आहे.

एका टप्प्यात एकच गाडी, ही पद्धत खरं तर तेव्हाच माहीत होती. पण ती सगळ्या कंपन्यांवर सक्तीची व्हायला १८८९ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी जूनमध्ये आयर्लंडमधल्या आर्माजवळ ८० जण मेले, बरीचशी सहलीला निघालेली मुलं, आणि कायदा ऑगस्टपर्यंत तयार झाला. नियम सुचायला बुद्धी पुरते, छापायला मात्र प्रेतं लागतात. त्यामुळे ‘हे कलम कशासाठी?’ असं कुणी विचारलं तर त्याला गप्प बसवा. उत्तर पाठीमागे उभं असतं, वळून पाहावं लागेल.

माझ्याकडे एका जुन्या लिफ्टच्या देखभालीचं पुस्तक आहे, रद्दीत मिळालेलं. त्यात एका आकृतीशेजारी कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय: ‘असं करू नये.’ का, ते नाही. अक्षर घाईचं आहे. टीव्हीवरच्या कोणत्याही भुतानं मला इतकं जागं ठेवलेलं नाही.

तंत्रज्ञ मंडळींसाठी वेगळी शिफारस. १९७२च्या नाताळच्या दिवशी बीबीसीवर ‘द स्टोन टेप’ लागलं, लेखक नायजेल नील. इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची संशोधक तुकडी ध्वनिमुद्रणाचं नवं माध्यम शोधायला एका जुन्या वाड्यात उतरते. तिथल्या खोलीत मेलेल्या मोलकरणीची किंकाळी ऐकू येते. इतर कुणी पळालं असतं. प्रकल्पप्रमुखाच्या डोक्यात येतं की दगडानंच आवाज साठवलाय, म्हणजे टेपला पर्याय मिळाला! मग यंत्रं लावून दगडावर मारा सुरू होतो, वरचं मुद्रण पुसलं जातं आणि त्याखालचं, कितीतरी जुनं, जागं होतं. तुकडीतल्या एकाच बाईला हे कळत असतं. तिचं कुणी ऐकत नाही, ती मरते, आणि दगडात आता तिची किंकाळी असते. प्रकल्प अहवालाच्या भाषेत याला माध्यमाची पुनर्वापरक्षमता सिद्ध झाली असं म्हणतात.

खरी मौज पुढे आहे. भुतांचा शोध घेणारी हौशी मंडळी आज ‘स्टोन टेप थिअरी’ असं गंभीरपणे बोलतात: भिंती घटना साठवतात आणि योग्य वेळी परत दाखवतात. तत्त्वाचं नाव आलं टीव्हीवरच्या नाटकावरून. भिंतीला कान असतात हे आपल्याकडे केव्हापासून ठाऊक आहे. तोंडही असतं हे यांनी शोधलं. तेव्हा तुमच्या व्यवसायाला अजून शास्त्रीय पाया नसेल तर नाउमेद होऊ नका, नाताळचे कार्यक्रम बघत राहा.

भुतांसाठीही नियमपुस्तिका आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. ब्रिटनची प्रसारण नियामक संस्था ऑफकॉम हिच्या संहितेत अतींद्रिय प्रकारांसाठी कलमं आहेत. खरं म्हणून दाखवायचं तर वस्तुनिष्ठता हवी. करमणूक असेल तर तसं स्पष्ट सांगायला हवं. आणि कुणा व्यक्तीला आयुष्य बदलून टाकणारा सल्ला द्यायचा नाही. त्यात तब्येत, पैसा, नातेसंबंध आणि नोकरी हे सगळं येतं. म्हणजे भुतानं छातीवर बसावं, पण राजीनामा दे असं सुचवू नये. या बंदीमुळे जी पोकळी तयार झाली आहे ती भरून काढण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

ही संहिता यायच्या आधीची एक रात्र, ३१ ऑक्टोबर १९९२. बीबीसीवर ‘घोस्टवॉच’ लागलं. होतं नाटक, पण मांडणी थेट प्रक्षेपणाची. स्टुडिओत मायकेल पार्किन्सनसारखा नावाजलेला, भारदस्त मुलाखतकार आणि पडद्यावर फोन नंबर. फोन करणाऱ्याला हा कार्यक्रम काल्पनिक आहे असा निरोप ऐकू यायचा होता. नियोजन बिनचूक. फक्त फोन इतके आले की लाइन जाम झाल्या आणि घाबरलेल्या माणसाच्या कानात नुसता एंगेज टोन वाजत राहिला. पुढे दहा वर्षांच्या दोन मुलांवर झालेला परिणाम ब्रिटिश मेडिकल जर्नलपर्यंत पोचला. तर हँडबुकच्या पहिल्या पानावरचा आणीबाणीचा नंबर कधी लावून पाहू नका. लागतो की नाही, हे आणीबाणीतच कळलेलं बरं.

एवढी तयारी झाली की एका रात्री घरातले दिवे घालवा आणि आपल्या धंद्याचं हँडबुक शेवटाकडून उघडा. आधी एक पान लागेल, मधोमध एकच ओळ: ‘हे पान हेतुपुरस्सर कोरे ठेवले आहे.’ पान कोरं नाही, कारण त्यावर ते वाक्य आहे; आणि वाक्य खोटं, कारण ते त्या पानावर आहे. कुणी ठेवलं, कोणत्या हेतूनं, हे विचारू नका. पुढे सरका. मग सुधारणांचा तक्ता येईल: अनुक्रमांक, तारीख, बदललेलं कलम, सही. तारखांमधलं अंतर पाहा. काही दहा वर्षांचं, काही दीड महिन्याचं. दीड महिन्यांवाल्या जागी बोट ठेवून थोडं थांबा, काही ऐकू येतंय का बघा. तक्त्याच्या तळाशी अजून दोन-तीन ओळी मोकळ्या आहेत, अनुक्रमांक आधीच छापलेले.